कचरावेचकांबरोबर एक सकाळ: शहरफेरी कशी आखावी

शहरातील वंचित घटकांचे जगणे समजून घेण्यासाठी महाविद्यालये, गृहनिर्माण संस्था आणि अलीकडे कंपन्याही नाना उपक्रम घेतात. कुठे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना मैदानात चालवले जाते, कुठे दिवसभर मोजक्या पैशांत भागवून दाखवण्याचे आव्हान दिले जाते, तर कुठे बसमधून वस्ती दाखवून आणली जाते. हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. मात्र सहभागी व्यक्ती स्वतःच्याच अस्वस्थतेचा अनुभव घेऊन घरी परतते आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्यांना त्यात बोलायला जागाच राहत नाही, असे या उपक्रमांच्या रचनेतच होऊन बसते.

पुण्यातील कचरावेचक महिलांबरोबर अर्ध्या दिवसाची फेरी कशी आखावी, हे येथे सांगायचे आहे. ही पद्धत राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना, शिक्षकांना आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. फेरीची सूत्रे कचरावेचक महिलांच्या हाती असावीत आणि फेरीचा विषय त्यांचे काम हा असावा, त्यांची गरिबी नव्हे, हे दोन मुद्दे मान्य नसतील तर फेरी न काढलेलीच बरी.

नक्कल का करू नये

अपंगत्वाची नक्कल करण्याच्या प्रयोगांविषयी अमेरिकेत २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाकाच्या खुर्चीत बसून किंवा डोळे बांधून थोडा वेळ वावरलेल्या विद्यार्थ्यांमध्ये अपंग व्यक्तींबद्दलची आपुलकी काहीशी वाढली, पण त्यांच्याशी प्रत्यक्ष वागण्या-बोलण्याविषयीची वृत्ती सुधारली नाही. उलट गोंधळ, संकोच आणि असहायतेची भावना मात्र वाढली, असे त्यात आढळले. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पट्टी नुकतीच बांधलेला माणूस पहिल्या दिवशीचा आंधळेपणा अनुभवतो. वर्षानुवर्षे दृष्टीविना वावरणाऱ्या व्यक्तीने कमावलेले कसब त्याच्या वाट्याला येतच नाही.

याउलट १९८८ मध्ये आंद्रेआस हाइनेके यांनी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे सुरू केलेल्या आणि पुढे हैदराबादपर्यंत पोहोचलेल्या ‘डायलॉग इन द डार्क’ या उपक्रमात पूर्ण काळोखाच्या दालनांतून पाहुण्यांना दृष्टिहीन मार्गदर्शक नेतात. तेथे अडखळतो तो पाहुणा आणि वाट ठाऊक असते ती मार्गदर्शकाला. दिल्लीतील सलाम बालक ट्रस्टच्या फेऱ्यांमध्येही, एकेकाळी रस्त्यावर किंवा रेल्वे स्थानकावर राहिलेले तरुणच पहाडगंज आणि नवी दिल्ली स्थानकाचा परिसर दाखवतात. आपल्या फेरीतही नाते असेच असायला हवे. कचरा कसा ओळखायचा, कोणता माल विकला जातो, कोणत्या इमारतीत कोणत्या वेळी जायचे, हे ज्ञान कचरावेचक महिलेपाशी आहे आणि ते शिकायला आपण चाललो आहोत, हे पहिल्या बैठकीतच सर्वांना स्पष्ट करावे.

सुरुवात संघटनेपासून

सोसायटीत रोज येणाऱ्या ताईंनाच ‘एक दिवस आमच्या मुलांना बरोबर न्या’ असे परस्पर सांगणे सोपे वाटते, पण ते टाळावे. ज्या घरांतून दरमहा शुल्क मिळते, त्या घरांना नकार देणे त्यांना अवघड असते. मुकादमामार्फत किंवा आरोग्य कोठीवरून, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणाहून, निरोप पाठवणे तर त्याहून वाईट, कारण मग ती विनंती राहत नाही, हुकूम होतो.

पुण्यात योग्य दार आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या नव्वदच्या दशकाच्या आरंभी कचरा वेचणाऱ्या महिला आणि मुलांबरोबर काम करू लागल्या आणि हमालांची संघटना बांधणारे बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. नव्वदच्याच दशकात या महिलांच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी हटकल्यावर दाखवायला हातात काहीतरी असणे म्हणजे काय, हे जुन्या सभासदांकडूनच ऐकावे. पुढे याच प्रक्रियेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ पासून महापालिकेबरोबरच्या करारानुसार तिचे सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागले. सभासदांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे आणि त्यांत महिलांचे प्रमाण मोठे आहे.

या व्यवस्थेचे अर्थकारण सहभागींना आधी समजलेले असावे, नाहीतर फेरीत दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींचा अर्थच लागत नाही. या महिला महापालिकेच्या पगारी नोकर नाहीत. घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, हेच त्यांचे उत्पन्न. म्हणजे शुल्क थकवणारे घर थेट तिच्या मजुरीतून कापते आणि ओला-सुका कचरा एकत्र देणारे घर तिचा विकाऊ माल नासवते. बहुसंख्य महिला दलित समाजांतील आहेत आणि अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यासारख्या भागांतून पुण्यात आली, हा इतिहासही सांगावा. जातीचा उल्लेख गाळून ‘गरीब महिला’ म्हटले की कचऱ्याचे काम याच समाजांकडे कसे आले, हा प्रश्नच नाहीसा होतो.

संघटनेच्या कार्यालयात फेरीच्या निदान महिनाभर आधी जावे. जाताना छापील वेळापत्रक नेऊ नये; काय पाहायचे आणि काय नाही, हे त्यांच्या प्रतिनिधींनी ठरवावे. एखादी वस्ती, एखादे घर किंवा एखादा विषय दाखवायचा नाही असे त्यांनी सांगितले, तर कारण विचारण्याचा आग्रह धरू नये.

मानधनाचा व्यवहार

या मुद्द्यावर संयोजक सर्वांत जास्त चाचरतात, म्हणून तो सविस्तर मांडतो. फेरीमुळे कामाचा वेग मंदावतो, वर्गीकरण लांबते आणि माल दुकानात उशिरा पोहोचतो. बुडालेल्या वेळेची भरपाई आणि मार्गदर्शक म्हणून केलेल्या कामाचे मानधन या दोन वेगळ्या रकमा आहेत. महाविद्यालयात बाहेरून व्याख्याता बोलावला तर त्याला जे मानधन दिले जाते, तेच येथे आधारभूत धरावे. तो तासभर बोलून जातो; या ताई पाच तास शिकवतात. रक्कम संघटनेशी बोलून आधी ठरवावी, त्या गटातील सर्व महिलांना सारखी द्यावी आणि त्याच दिवशी, रोख की खात्यात हे त्यांच्या सोयीने, चुकती करावी. महाविद्यालयाच्या लेखाविभागाला पावती, पॅन क्रमांक आणि तीन सह्या लागतात, हे खरे; ती कागदपत्रे जमवण्याची जबाबदारी संयोजकाची असते, चकरा तिने मारायच्या नसतात.

मानधनाऐवजी शाल-श्रीफळ, साडी किंवा जुन्या कपड्यांची पिशवी देऊ नये. मानधन देऊन वर सत्कार करायचाच असेल, तर आधी त्यांना विचारावे. पुष्कळ जणींना मंचावर बसण्यापेक्षा वेळेत घरी पोहोचणे अधिक महत्त्वाचे असते आणि ते रास्तच आहे.

गट, वेळ आणि पूर्वतयारी

एका फेरीत आठ-दहांपेक्षा अधिक माणसे नसावीत आणि प्रत्येक कचरावेचक ताईंबरोबर दोघांपेक्षा अधिक नकोत. चाळीस जणांची वरात घेऊन एखाद्या इमारतीत शिरले की रहिवासी दारे उघडून पाहू लागतात आणि काम करणारी बाई तमाशाचा विषय होते. वर्गीकरणात हात घालणारे सर्व जण अठरा वर्षांवरील असावेत. शाळकरी मुलांसाठी केवळ संवादाचा वेगळा कार्यक्रम करावा. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, पायांत बंद बूट असावेत आणि जाड हातमोजे सर्वांसाठी पुरेसे असावेत. सर्वांसाठी म्हणजे ताईंसाठीही. विद्यार्थ्यांच्या हातांत कोरे करकरीत मोजे आणि शेजारी उघड्या हातांनी काम करणारी बाई, हे चित्र आपल्या नियोजनामुळे उभे राहू नये.

पोहोचण्याची वेळ ताई कामाला सुरुवात करतात तीच ठेवावी. ‘मुलांना साडेनऊशिवाय जमत नाही’ ही सबब मान्य केली, तर दारोदारचा सगळा भाग हुकतो.

आदल्या दिवशी तासाभराची बैठक घ्यावी. त्यात बोलण्या-वागण्याची रीत ठरवावी. नावापुढे ‘ताई’ लावून, अहो-जाहो करून बोलावे. वयाने मोठ्या असतील आणि त्यांना चालत असेल तर ‘मावशी’ म्हणावे. दुर्गंधीने नाक झाकणे शरीराची प्रतिक्रिया असते, त्याची शरम नको; मात्र ज्यांना ते सहन होणार नाही असे वाटते, त्यांनी आधीच सांगून संवादाच्या सत्रात यावे. प्रश्नांचीही तयारी करावी. ‘नवरा काय करतो?’, ‘मुले शिकतात का?’, ‘हे काम का करता?’ असे प्रश्न आपण कुणा बँक अधिकाऱ्याला पहिल्या भेटीत विचारत नाही, म्हणून येथेही विचारू नयेत. कामाविषयी हवे तेवढे विचारावे. पावसात पुठ्ठा कुठे ठेवता, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येते, कोणत्या सणानंतर कचरा वाढतो, या प्रश्नांतून घरचे विषय आपोआप निघतात आणि किती सांगायचे ते सांगणारी ठरवते.

प्रत्यक्ष फेरी

पहिला टप्पा दारोदारचा. सहभागींनी ढकलगाडी ओढावी, बादल्या उचलाव्यात, पण दारावर बोलण्याचे काम ताईंकडेच राहू द्यावे. उद्वाहक (लिफ्ट) असलेल्या इमारतीत तो वापरण्याची मुभा त्यांना आहे का, की ‘कचरेवाल्यांनी जिना वापरावा’ अशी पाटी लागली आहे, हे पाहावे. दार उघडणारी माणसे नजरेला नजर देतात का, की पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवून दार लोटून घेतात, हेही टिपावे, मात्र तेथल्या तेथे कुणाला उपदेश करू नये. आपण निघून गेल्यावर त्या दाराशी उद्या पुन्हा जायचे असते ते ताईंना.

दुसरा टप्पा वर्गीकरणाचा, आणि माझ्या मते संपूर्ण फेरीचा गाभा तोच. त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. शेडमध्ये किंवा रस्त्याकडेच्या जागेत सुका कचरा ओतला जातो आणि हात चालू लागतात. ‘पेट’ प्लास्टिकची (पाण्याची, शीतपेयाची) बाटली एका पोत्यात, तिचे झाकण दुसरीकडे, कारण दोन्हींचे प्लास्टिक निराळे असते. कडक प्लास्टिक वेगळे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पुठ्ठा चपटा करून बाजूला, रद्दी, पत्रा, काच. दुधाची पिशवी कापताना आपण जो इवलासा कोपरा पूर्ण तोडून टाकतो, तो या ढिगात हाती लागत नाही आणि कुठल्याच पोत्यात जात नाही. पिशवी मात्र विकली जाते. चिप्स-बिस्किटांचे चकचकीत वेष्टन अनेक थरांचे असते, म्हणून त्याला भंगारात सहसा कुणी विचारत नाही. ते ताईंनी उचलले, वाहिले, वेगळे केले, तरी त्या श्रमाचा एक पैसा त्यांच्या हाती पडत नाही. सहभागींना एकेक पोते सोपवून ताईंच्या देखरेखीखाली काम करू द्यावे आणि त्यांनी चुकीचे टाकलेले ताईंना काढू द्यावे. शिकलेसवरलेले हात येथे किती मंद चालतात, हे बोलून दाखवायची गरज पडत नाही.

याच ढिगात वरणभात लागलेले कागद, फुटलेला पेला, दाढीचे पाते आणि वापरलेले सॅनिटरी नॅपकिन सापडतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून वेगळा देणे घरांवर बंधनकारक झाले. पुण्यातील कचरावेचकांनी त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली: नॅपकिन आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे आत काय आहे हे उघडून पाहावे लागत नाही. किती पुड्यांवर ठिपका आहे आणि किती उघड्याच आल्या, याची नोंद सहभागींनी करावी. ही नोंद पुढे सोसायटीच्या सभेत कामी येते.

काचेचा तुकडा किंवा सुई मिळाली तर सहभागींनी तिला हात लावू नये. ताई दाखवतील त्या पद्धतीने ती बाजूला जाते.

तिसरा टप्पा भंगाराच्या दुकानाचा. दुकानदाराची परवानगी आधीच घ्यावी आणि काट्यासमोर गर्दी करू नये. तांबे-पितळेपासून काचेपर्यंत प्रत्येक मालाचा भाव निराळा असतो आणि तो बाजाराप्रमाणे हलतो, म्हणून त्या दिवशीचे भाव तेथेच लिहून घ्यावेत. ओलसर कागदाचे वजन कापून धरले जाते. सकाळभर वाहिलेल्या पोत्यांचे किती पैसे झाले, हा आकडा मात्र ताईंची हरकत नसेल तरच गटासमोर घ्यावा. कुणाची कमाई चारचौघांत मोजणे आपल्याकडे जसे बरे मानले जात नाही, तसेच ते त्यांच्याकडेही नाही.

चौथा भाग स्वतंत्र टप्पा नव्हे, तो सगळ्या फेरीत चालू राहतो. प्रत्येक सहभागीने मार्गाचा साधा नकाशा काढून त्यावर तीन गोष्टी खुणेने दाखवाव्यात: बाईमाणसाला लघवीला कुठे जाता येते, पिण्याचे पाणी कुठे मिळते आणि सावलीत कुठे बसता येते. शंभर घरांचे पाणी-संडास दाराआड असताना कचरा नेणाऱ्या बाईला हे तिन्ही मिळणे किती दुरापास्त आहे, ते कागदावर उमटते. पुष्कळ जणी पाणीच कमी पितात. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने हाच विषय ऐरणीवर आणला होता: सार्वजनिक मुतारी पुरुषांना फुकट आणि महिलांना मात्र पैसे मोजायला लावणारी. सहभागींनीही फेरीच्या वेळात त्याच सोयी वापराव्यात. कुणा ओळखीच्या घरी जाऊन येऊ नये. नक्कल नको म्हणणाऱ्या लेखात ही सूचना विसंगत वाटेल, पण येथे कुणाचे सोंग घ्यायचे नाही, फक्त शहर आहे तसे वापरायचे आहे.

छायाचित्रे

फेरीत छायाचित्रे काढूच नयेत, असे माझे मत आहे. धारावीत चालणाऱ्या पाहुण्यांच्या फेऱ्यांवर ‘गरिबीचे पर्यटन’ म्हणून पुष्कळ टीका झाली. त्यांतील एका जुन्या संस्थेने पाहुण्यांना कॅमेरा वापरण्यास मनाई केली, हा तिचा निर्णय अनुकरणीय आहे. अहवालासाठी छायाचित्र लागतेच, असे प्राचार्य म्हणतील. अशा वेळी शेवटी सर्वांचे एकत्र छायाचित्र, ताईंच्या संमतीने, त्यांना हव्या त्या पोशाखात आणि हव्या त्या ठिकाणी घ्यावे आणि त्याची छापील प्रत त्यांना पोहोचवावी.

जेवण आणि चर्चा

काम आटोपल्यावर हातपाय धुऊन सर्वांनी एकत्र जेवावे. हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात कष्टकऱ्यांसाठी सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रांपैकी एखादे जवळ असेल तर जेवण तेथेच ठरवावे. झुणका-भाकर रास्त दरात मिळते आणि कष्टकऱ्यांच्या संघटना स्वतः काय उभे करू शकतात, याचेही दर्शन घडते. ताट एकाच पंगतीत, एकाच प्रकारचे असावे. एवढे लिहावे लागू नये, पण कागदी पेल्यात वेगळा चहा देण्याची सवय आपल्या घरांतून अजून गेलेली नाही, म्हणून लिहिले.

चर्चेत पहिला शब्द ताईंचा असावा. मुलांनी काय नीट केले, काय खटकले, कोणता प्रश्न अस्थानी होता, हे त्यांनी आधी सांगावे. त्यानंतर सहभागींनी बोलावे आणि तेव्हा ‘मला खूप वाईट वाटले’, ‘आपण किती सुखी आहोत’ अशा वाक्यांवर संयोजकाने थांबू देऊ नये. ‘तुमच्या घरचा कचरा काल कसा बाहेर गेला?’ हा एक प्रश्न फिरवला की चर्चा जमिनीवर येते. कुणाला ठाऊक नसते, कुणाची आई तो वेगळा करते, कुणाच्या घरी तो कामवाल्या मावशींवर सोपवलेला असतो. कचरा वेचणारी एक बाई आणि तो वेगळा करणारी दुसरी बाई, दोघींच्या कामात घरातील पुरुष कुठे दिसतो, हेही येथे विचारून घ्यावे.

नंतरचे काम

फेरीचा अहवाल पंधरा दिवसांत तयार करावा आणि छापण्यापूर्वी संघटनेकडे पाठवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखवावा आणि त्या सांगतील ते बदल करावेत. प्रत्येक सहभागीने आपल्या इमारतीपुरती चार कामे हाती घ्यावीत: शुल्क थकले आहे का ते पाहणे, लाल ठिपक्याची सूचना फलकावर लावणे, उद्वाहकाची पाटी असल्यास ती हटवण्याचा विषय सभेत मांडणे आणि तळमजल्यावरील नळ व स्वच्छतागृह कचरावेचकांना वापरू देण्याचा ठराव करून घेणे. शेवटचे काम सर्वांत अवघड जाते. सुरक्षारक्षकासाठी असलेले स्वच्छतागृह ‘बाहेरच्यांना’ का द्यायचे, असा प्रश्न हमखास येतो. तेव्हा फेरीत काढलेले नकाशे सभेत ठेवावेत.

एकच फेरी काढायची असेल तर ती हिवाळ्यात काढण्याकडे संयोजकांचा कल असतो, कारण हवा बरी असते आणि परीक्षा दूर असतात. दोन काढता येत असतील तर दुसरी त्याच गटाने, त्याच ताईंबरोबर, जुलैमध्ये काढावी. पुठ्ठा भिजलेला असतो, शेड गळत असते, ओल्या कचऱ्याच्या बादलीत पाणी साचून तिचे वजन वाढलेले असते आणि मानधनाची रक्कमही त्यानुसार नव्याने ठरवावी लागते.